आधी विचारलं, "लिहिता कशाने?"

घरातल्या जुन्या लिहायच्या टेबलावरचं कातडं गेल्या जानेवारीत, म्हणजे २०२५च्या सुरुवातीला, मी नवं बसवून घेतलं. काम केलं बडोद्यातल्या मांडवीजवळच्या एका जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्या, चाचांनी. आता त्यावरून एक अख्खा पावसाळा गेला आहे आणि मी रोज त्यावर लिहिते आहे. तेव्हा काय चांगलं झालं, काय राहून गेलं आणि पैसे किती लागले, हे सांगायला आता हरकत नाही. बडोद्यातल्या मराठी घरांत अशी टेबलं अजून बरीच आहेत. दांडिया बाजारातल्या, बाबाजीपुऱ्यातल्या वाड्यांतून ती फ्लॅटमध्ये आली, वर काच पडली नाहीतर प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, आणि खालचं कातडं कोणत्या अवस्थेत आहे ते बघायचं राहूनच गेलं. ज्यांच्याकडे असं टेबल आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं टेबल माझ्या आजेसासऱ्यांचं. ते संस्थानच्या हिशेबखात्यात होते. १ मे १९४९ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, कचेऱ्यांची सगळी मांडामांड बदलली, आणि त्या धामधुमीत त्यांनी आपलं रोजचं टेबलच विकत घेऊन घरी आणलं. घरात त्याला आजही 'कचेरीचं टेबल' म्हणतात. सागाचं आहे, ५४ इंच लांब, २८ रुंद, दोन्ही बाजूंना चार-चार खण आणि मध्ये एक. वरच्या फळीत तीन उथळ चौकटी कोरलेल्या आहेत: मधली ३० बाय २० इंचांची आणि दोन्ही बाजूंना ८ बाय २०च्या. खोली जेमतेम एक मिलिमीटर. त्यात कातडं असं बसायला हवं की लाकडावरून तळहात फिरवत आणला तर कुठे पायरी लागू नये. सासूबाई आज ८८ वर्षांच्या आहेत. त्या सांगतात, मामंजी संध्याकाळी जेवणाआधी त्या कातड्यावर कोरडं फडकं फिरवायचे आणि मग पाटावर बसायचे. रोजचा नेम.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मोडी शिकले आणि आता लोकांचे जुने कागद वाचून देते. गायकवाडी राज्यातला मराठी कारभार मोडीत चालायचा, त्यामुळे इथल्या घरांत गाठोडीच्या गाठोडी निघतात: इनामाचे कागद, गहाणखतं, लग्नाच्या याद्या. कागद माझ्याकडे झेरॉक्स होऊन येतात, मी ते समोर ठेवून फाउंटन पेनने बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवते, आणि हात बसावा म्हणून रोज पानभर मोडीही लिहिते. मोडीचा स्वभाव असा की वर ओळ आखून घ्यायची आणि हात न उचलता अक्षरामागून अक्षर ओढत न्यायचं. कागद खालून जरा सरकला की अख्खी ओळ बिघडते. म्हणून कागदाखाली काय आहे ही गोष्ट माझ्यासाठी शोभेची नाही, रोजच्या कामाची आहे.

हे मला २०१८ साली कळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मूळ कातडं तेव्हा पार गेलं होतं. हात ठेवला की तांबूस भुकटी बाहीला लागायची, पांढऱ्या कागदाच्या मागे विटकरी डाग पडायचा. मी सोफ्याचं काम करणाऱ्या एका मोठ्या दुकानात चौकशी केली. दुकानाचं नाव घेत नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला: रंग कोणता? माणूस घरी आला, मी स्वयंपाकघरात चहा टाकेपर्यंत त्याने जुनं कातडं ओरबाडून काढलं, पोत्यात भरलं, रबर सोल्युशन फासून मरून रंगाचं रेक्झिन चिकटवलं आणि दीड तासात तो गेला. २,२०० रुपये घेतले. त्या पोत्यात कातड्याबरोबर सोनेरी नक्षीची कडही गेली, हे माझ्या रात्री लक्षात आलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या टेबलाजवळ येऊन, हात लावून परत गेल्या. ते मला अजून लागतं.

रेक्झिनवर मी सहा वर्षं काढली. पहिला उन्हाळा आला तसं ते चिकट झालं. झेरॉक्सचा कागद रात्रभर त्यावर राहिला की सकाळी उचलताना चर्र आवाज यायचा, आणि मोडीची ओळ उलटी होऊन रेक्झिनवर उठलेली असायची, आरशात दिसावी तशी. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते झेरॉक्सच्या काळ्या भुकटीला धरून ठेवतं, हे मला नंतर समजलं. कुणाचे तरी पणजोबांचे कागद माझ्याकडे विश्वासाने आलेले असायचे. झेरॉक्स होते म्हणून बरं, मूळ कागद असते तर? त्यानंतर मी वर काच टाकली. काचेवर कागद सरकतो आणि निब खडखडते. तासाभरात मनगट दुखायला लागायचं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला. आमचं घर कारेलीबागेत, तळमजला. पाणी टेबलाच्या पायांपर्यंत आलं, खालचे दोन खण भिजले, वरची फळी वाचली. पण घरात पुढे महिनाभर ओल होती आणि रेक्झिनखाली ती कोंडली. मधोमध दोन मोठे फोड आले. एक फोड कापून पाहिला तर आत हिरवट-पांढरी बुरशी. आता सगळं काढण्यावाचून इलाज नव्हता.

या वेळी मी सोफेवाल्यांकडे गेलेच नाही. मध्यवर्ती ग्रंथालयातल्या एका जुन्या ओळखीच्या बाईंना विचारलं. माझा विचार साधा होता: टेबलावरचं कातडं म्हणजे मोठ्या पुस्तकाची पाठच की. पातळ कातडं, खळ, सोन्याची रेघ, सगळं तेच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ज्या राज्यात गावोगाव ग्रंथालयं काढली, त्या राज्याच्या राजधानीत कातडी बांधणी जाणणारी घरं असणारच. बाईंनी मांडवीपासून पाणीगेटच्या बाजूची एक गल्ली सांगितली आणि म्हणाल्या, दुकानाला पाटी नाही, बाहेर लाल कापडाचे चोपडे, म्हणजे हिशेबाच्या वह्या, रचलेले दिसतील, तेच.

दुकान म्हणजे दहा फूट बाय आठची खोली. एका भिंतीला पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, दुसऱ्या भिंतीला नक्षी उठवायची पितळी चाकं टांगलेली, जमिनीवर चटई. चाचा सत्तरीचे असावेत. त्यांचे वडील सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायचे. मी टेबलाचे फोटो दाखवले, मापं सांगितली. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि विचारलं, "बेन, लखो छो शेनाथी?" लिहिता कशाने?

मी पर्समधून पेन काढलं. त्यांनी चटईवर तीन तुकडे मांडले: एक रेक्झिनचा, एक पर्सला वापरतात तसल्या चकचकीत कातड्याचा, आणि एक फिक्या बदामी रंगाचा, न रंगवलेला. प्रत्येकावर साधा एकेरी कागद ठेवून मला लिहायला सांगितलं. रेक्झिनवर कागद चिकटून बसला, हात पुढे न्यायला जोर लागला. चकचकीत कातड्यावर निब दबली की खालचा भाग रबरासारखा परत वर यायचा आणि रेघ जाड-बारीक होत राहायची. तिसऱ्या तुकड्यावर निब टेकली तेव्हा कागद केसभर खाली गेला आणि तिथेच थांबला. तेवढंच. मी 'श्री' काढून पुढे अर्धी ओळ मोडी लिहिली, कागद जागचा हलला नाही, आणि निबेचा आवाजही येईना. मी वर पाहिलं तर चाचा माझ्या अक्षराकडे नाही, माझ्या मनगटाकडे बघत होते. म्हणाले, आता कळलं काय लागेल.

त्यांनी सांगितलेला फरक असा. चकचकीत कातडं क्रोमचं, रसायनात दिवसभरात कमावलेलं. ते मऊ आणि टिकाऊ असतं, पाण्याला घाबरत नाही, पण दाबलेलं लक्षात ठेवत नाही. त्यावर पितळी चाकाची नक्षी उठत नाही, उठली तरी विरून जाते. कडेने कापून पाहिलं तर आत निळसर-करडं दिसतं, ती त्याची खूण. दुसरं कातडं झाडांच्या साली-फळांत आठवडेच्या आठवडे मुरवलेलं: बाभूळ, तरवड, हिरडा. कापलं की आतून बाहेरून एकच तपकिरी. ते पाणी पितं, रंग पितं, ओलं असताना ताणता येतं, आणि त्यावर उठवलेली रेघ वर्षानुवर्षं राहते. लिहायच्या टेबलाला आणि पुस्तकाला हेच. मी विचारलं, मग आमचं जुनं असंच होतं ना, त्याची भुकटी का झाली? ते म्हणाले, "ए चामडुं मरी गयुं हतुं," ते कातडं मेलं होतं, आणि तरवडाचं नाव घेतलं.

घरी येऊन मी हे वाचून काढलं, कारण जुन्या बांधणीच्या पुस्तकांनाही हाच रोग असतो. ही भुकटी युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इतकी वाढली होती की लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९००मध्ये त्यासाठी समिती नेमली. गॅसच्या दिव्यांचा धूर हे एक कारण निघालं, आणि ज्या कमावणीवर त्यांनी विशेष ठपका ठेवला त्यांत हिंदुस्थानातून जाणारी तरवडाची कमावणी होती. धुरातलं गंधकाचं आम्ल कातड्यात जिरतं आणि तंतू आतून खाऊन टाकतं. एकदा ते झालं की तेल लावा, मेण लावा, काही परत येत नाही. म्हणजे आमचं मूळ कातडं वाचण्यासारखं नव्हतं, हे खरं. पण ते काढायची एक रीत होती, आणि ती सोफेवाल्याने पाळली नाही, हेही खरं.

सासूबाईंची एकच अट होती, गाईचं नको. चाचा म्हणाले, या कामाला लागतं बकऱ्याचंच, ते पातळ आणि चिवट असतं. तमिळनाडूतून मागवलेलं, ज्यात हिरडा जास्त वापरला आहे असं एक मोठं कातडं मधल्या चौकटीला आणि दुसरं बाजूच्या दोन पट्ट्यांना. बकऱ्याचं कातडं लहान असतं, त्यातून ३० इंच लांबीचा निर्दोष तुकडा मिळणं सोपं नाही. पहिली दोन कातडी त्यांनी माझ्यासमोर उजेडात धरून नाकारली. एकात काट्याने ओरखडलेला जुना व्रण होता, दुसऱ्यात पोटाकडचा भाग ढिला होता. तिसरं ठेवलं.

ते घरी येऊन काम करत नाहीत, टेबल न्यावं लागतं. आम्ही वरची फळी सुटी करून टेंपोत घातली, पाय आणि खण घरीच ठेवले. तुमच्याही टेबलाची फळी स्क्रूवर किंवा खुंट्यांवर असेल तर आधी खालून पाहून घ्या. मांडवीत टेंपो दुपारी शिरत नाही, सकाळी आठच्या आत न्या.

रेक्झिन काढायलाच दीड दिवस गेला. थिनर वापरलं असतं तर तासाचं काम, पण थिनर काठावरच्या लाखेच्या पॉलिशवर गेलं की ते पॉलिश फसफसून उठतं. म्हणून कोमट इस्त्री फडक्यावरून फिरवायची, रबराचा थर मऊ झाला की लाकडी पट्टीने खरवडायचा. कडेच्या दोन बोटांत इस्त्रीही नाही, कारण लाख उष्णतेने वितळते. तिथे नुसती नखं आणि पट्टी. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा चाचांनी एका पुडीतून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. डाव्या चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात, लाकडाच्या काठाखाली दबून, मूळ कातड्याची चार इंची चिंधी उरली होती. वरून काळी दिसणारी, पण जिथे काठाखाली उजेड पोचला नव्हता तिथे गर्द हिरवी. त्यावर सोन्याच्या दोन रेघा, एक जाड आणि तिच्या आत एक बारीक, आणि त्यांच्यामध्ये अगदी लहान पानांची वेल. सहा वर्षं मी समजत होते की सगळं पोत्यात गेलं. मी तिथेच चटईवर बसले. चाचांनी भिंतीवरची चाकं एकेक उतरवून चिंधीशेजारी धरली. वेल तंतोतंत जुळणारं चाक नव्हतं, पण एकात पानांचा आकार जवळपास तसाच होता. रंग आणि नक्षी अशी ठरली, मला कॅटलॉग बघावा लागला नाही.

लाकडात मधल्या सांध्याला बारीक चीर होती. ती तशीच ठेवली तर वर्षभरात कातड्यावर रेघ म्हणून उठते, म्हणून ती सरस आणि सागाच्या भुशाने भरून घासली, वर कागदाचा एक थर दिला. चिकटवायला मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून शिजवलेली. मी फेव्हिकॉलबद्दल विचारलं. ते म्हणाले, फेव्हिकॉल धरतं चांगलं, पण माझ्यानंतर पन्नास वर्षांनी कुणी हे काढायला बसेल त्याने काय करायचं? खळ ओल्या फडक्याने सुटते. शिवाय खळीवर कातडं दहा-पंधरा मिनिटं सरकवता येतं, ताण सारखा करता येतो. कातडं मागून ओलं केलं, खळ लावली, मुडपून थोडा वेळ ठेवलं, मग चौकटीवर अंथरून हाडाच्या पट्टीने मधून कडेकडे सारत नेलं. कड ओली असतानाच काठाच्या रेषेत दाबून घेतली आणि रापीने एका ओढीत कापली.

इथे एक प्रसंग घडला, तो सांगायलाच हवा. मी बघत उभी होते, हातातला किल्ल्यांचा जुडगा न कळत फळीच्या कोपऱ्यावर ठेवला. दोन मिनिटंही झाली नसतील. उचलला तेव्हा ओल्या कातड्यावर किल्लीच्या आकाराचा निळा-काळा डाग. माझे हातपाय गार पडले. चाचा ओरडले नाहीत. म्हणाले, लोखंड आणि हिरडा, शाई झाली. खरंच, आपली जुनी ब्ल्यू-ब्लॅक शाई म्हणजे हेच: हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हिरड्यासारखं तुरट फळ. ज्याने कातडं कमावलं जातं त्यानेच शाई काळी होते, लोखंड तेवढं मिळायला हवं. मी आयुष्यभर दोन्ही वापरलं आणि दोन्हींचं नातं मला त्या कोपऱ्यावर दिसलं. चाचांनी लिंबू कापलं, कापसाने रस टिपटिपून लावला, पाण्याने पुसला, परत लावला. चार वेळा. डाग फिका होत होत गेला. हे सगळं रंग देण्याआधी झालं म्हणून निभावलं. त्यांची रापी पोलादी आहे, पण ती घासून, पुसून, कोरडी करून एका झटक्यात चालते, ओल्यावर टेकून राहत नाही. तुम्ही गेलात तर अंगठी-किल्ल्या पर्समध्ये ठेवा, आणि टेबल घरी आल्यावरही त्यावर ओली टाचणी किंवा स्टेपलरची पिन पडू देऊ नका.

मध्ये उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, आलं. १४ आणि १५ जानेवारीला सगळं गाव गच्चीवर, दुकान बंद. चाचा म्हणाले, बरंच झालं, कातडं सावलीत आपापलं वाळू दे, पंखाही नको. घाईने वाळवलं की कड आक्रसून काठापासून सुटते. रंग नंतर चढवला, तीन हात देऊन, कापडाच्या बोळ्याने.

सोन्याचं काम बघायला मी मुद्दाम गेले. अंड्याचा पांढरा बलक फेटून, एक रात्र ठेवून, गाळून घेतलेला. तो ब्रशने रेघेवर लावला, वाळल्यावर वर्ख अंथरला. शेगडीवर पितळी चाक तापवलं आणि ओल्या फडक्याला टेकवून आवाज ऐकला. चर्र झालं तर जास्त तापलं, कातडं जळेल. अगदी हलका फुस्स आवाज हवा. मग खांद्याला दांडा टेकवून, अंगाचा भार देत, २० इंच एका दमात. मध्ये थांबलं तर तिथे जोड दिसतो. बलक उष्णतेने घट्ट होतो आणि जिथे चाक टेकलं तिथेच सोनं धरतो, बाकीचं फडक्याने पुसून निघतं. पुसलं तेव्हा हिरव्यावर ती वेल उभी राहिली. मी खऱ्या वर्खाचा आग्रह धरला होता. सोनेरी फॉइल निम्म्याहून स्वस्तात होतं, पण पितळेची भुकटी असलेलं फॉइल काही वर्षांत काळवंडतं.

आता जे पटलं नाही ते. बाजूच्या दोन पट्ट्या मधल्या चौकटीपेक्षा किंचित गडद आल्या आहेत. दोन वेगळी कातडी, रंग वेगळा पितात, हे मला मान्य आहे, पण त्यांनी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी मधल्यालाही आणखी एक हात द्या म्हटलं असतं. दिवसा खिडकीच्या उजेडात फरक कळतो, दिव्यात नाही. दुसरं, टेबल घरी आल्यावर आठवड्याने उजव्या पट्टीचा एक कोपरा नखभर उचलला गेला. मी कळवलं, त्यांचा मुलगा तीन दिवसांनी येऊन खळ भरून, वर कागद आणि वजन ठेवून गेला, पैसे घेतले नाहीत. नंतर उचललेला नाही. तिसरं, तारीख देत नाहीत. आठ-दहा दिवस म्हणाले, सतरा लागले. फोन उचलतीलच असं नाही. लाखेचं पॉलिश ते करत नाहीत. काठ आणि पाय मला दुसऱ्या मिस्त्रीकडून वेगळे करून घ्यावे लागले.

खर्च: दोन कातडी २,३००, वर्ख ३,२००, मजुरी ६,५००. एकूण १२,००० रुपये, टेंपोचे ९०० वेगळे. कागदावर हिशेब लिहून दिला, तो मी ठेवला आहे. रेक्झिनच्या पाचपटीहून जास्त होतात, आणि नुसतं दिवाणखान्यात शोभेला टेबल ठेवायचं असेल तर मी कुणाला एवढा खर्च कर म्हणणार नाही. लॅपटॉप ठेवायचा असेल तरीही नाही, खालची उष्णता आणि रबरी पाय कातड्याला चांगले नाहीत. पण हाताने लिहिणाऱ्याने करावं. दहा महिन्यांत माझं मनगट एकदाही दुखलेलं नाही.

पावसाळ्यात काय होईल याची मला धाकधूक होती. ऑगस्टमध्ये दोनदा कडेला पांढरट पावडर दिसली, चाचांनी सांगितल्याप्रमाणे कोरड्या फडक्याने पुसून खिडकी उघडी ठेवली, गेली. वर्षातून दोनदा मधमाशांचं मेण अगदी थोडं, बोटाने चोळून. काच नाही, टेबलक्लॉथ नाही, फवारायचं कुठलंही क्लीनर नाही, चहाचा कप खाली बशी असली तरी बाजूच्या लाकडावर. सरळ ऊन येत असेल तर टेबल हलवा किंवा पडदा लावा, हिरवा रंग उन्हाने उडतो. आणि बॉलपेनने लिहिताना एकेरी कागद घेऊ नका, दाब उमटतो. खाली दोन कागद असू द्या. झेरॉक्स मी आता बिनधास्त रात्रभर ठेवते. एकही अक्षर उठलेलं नाही.

टेबल परत आलं त्या संध्याकाळी सासूबाई काठी टेकत आल्या. खुर्चीवर बसल्या, कातड्यावरून तळहात फिरवला, काठापर्यंत नेला, परत आणला. मग मला म्हणाल्या, कोरडं फडकं दे गं.

जायचं असेल तर नवरात्रापासून दिवाळीपर्यंत जाऊ नका, तेव्हा चाचा व्यापाऱ्यांचे पूजेचे चोपडे बांधण्यात असतात आणि दुसरं काम हातात घेत नाहीत. पावसाळ्यातही नाही, खळ वाळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. मूळ कातड्याचा जो तुकडा उरला असेल तो, कितीही लहान असो, पुडीत बांधून बरोबर घ्या. आणि रोज ज्याने लिहिता ते पेन न्या, कागद न्या. ते मागतातच.